टेन्स : वेदनाशमनाचा विद्युत उपचार

टेन्स : त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून विजेचे सौम्य व अतिशय आखूड ठोके देऊन त्वचेखालचे मज्जातंतू उद्दीपित करण्याची आणि त्यायोगे वेदनेची जाणीव कमी करण्याची पद्धती. ‘ट्रान्सक्यूटेनियस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. सोलापुरात ते फारसे कोणी उच्चारत नाही. इथे ‘करंट घेणे’ म्हणतात. शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच गल्लीत कानावर पडतात. दुखण्याला तेलुगूत ‘नोप्पि’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘नोवु’. करंट मात्र सगळ्यांचा करंटच. अडचण एवढीच, की दवाखान्यातल्या चार वेगवेगळ्या यंत्रांनाही लोक हाच एक शब्द वापरतात. त्याचा खुलासा पुढे येईल.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकात दीर्घकालीन वेदना म्हणतात. मूळ इजा भरून आल्यावरही ती राहू शकते, आणि एक्सरे ‘नॉर्मल’ आला म्हणून ती खोटी ठरत नाही. सोलापुरात ही वेदना बहुधा कामातूनच अंगात मुरलेली असते. यंत्रमागावरचा कामगार पाळीभर उभा असतो. धोटा बदलणे, तुटलेला धागा पकडून गाठ मारणे, हे सगळे कमरेत किंचित वाकून. टॉवेल आणि चादरीचे गठ्ठे उचलणाऱ्यांची कंबर वेगळ्या रीतीने जाते. विडी वळणारी बाई मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन बसते. तेंदूचे भिजवलेले पान कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू भरून वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, त्यामुळे मान वर करायला सवड नसते. संध्याकाळी उठताना गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून उठावे लागते. अशा कंबर-मान-गुडघ्यांच्या तक्रारींसाठी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात टेन्स वापरले जाते.

यंत्र : हाताच्या तळव्यात मावणारी डबी, नऊ व्होल्टची किंवा चार्ज होणारी बॅटरी, दोन वायरी आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला दोन पॅड. जुने पॅड कार्बनमिश्रित काळ्या रबराचे असतात. त्यांना जेल लावून ते पट्टीने बांधतात. नव्यांना चिकट जेल आधीच लावलेले असते. यंत्रात तीन गोष्टी कमीजास्त करता येतात. सेकंदाला किती ठोके, प्रत्येक ठोका किती रुंद आणि जोर किती. ठोक्याची रुंदी साधारण 50 ते 250 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशांत मोजण्याएवढी. विजेचे प्रमाण मिलिअँपिअरमध्ये असते. घरातल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असते आणि टेन्सही 50 हर्ट्झवर लावता येते. हे ऐकून घाबरणारे पुष्कळ आहेत, पण आकडा सारखा असला तरी पुढचे सगळे वेगळे आहे. भिंतीतल्या प्लगला इथे काही काम नाही. घरच्या घरी वायरी जोडून असले यंत्र बनवण्याचा उद्योग कुणी करू नये, हे यातूनच आले.

कार्य : 1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला. बाळीवेस, विजापूर वेस, तुळजापूर वेस ही नावे रोज तोंडी असलेल्या गावात गेटला वेस म्हणायला हरकत नाही. वेदनेचा निरोप बारीक तंतूंतून येतो, स्पर्श आणि कंपनाचा निरोप जाड तंतूंतून. दोन्ही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोचतात आणि तिथे एक वेस असते. जाड तंतूंची वर्दळ वाढली, की वेस वेदनेच्या निरोपाला अडवते. मूल पडल्यावर आई गुडघा चोळते आणि मूल थोडे शांत होते, त्यामागे हेच असल्याचे मानले जाते. टेन्स हे चोळणे विजेने करते, आणि हात न दमता करते. त्या चोळण्याची जाणीव म्हणजे मुंग्या.

मूळ सिद्धांतात पुढे दुरुस्त्या झाल्या. वेस फक्त खालूनच नव्हे, मेंदूकडूनही लावली-उघडली जाते. शरीर स्वतःची अफूसदृश रसायने सोडते, ती या उपचारात सामील असतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कमी वारंवारतेचे टेन्स म्यू नावाच्या ग्राहींमार्फत (ग्राही म्हणजे ही रसायने जिथे चिकटतात त्या पेशींवरच्या जागा) आणि जास्त वारंवारतेचे डेल्टा ग्राहींमार्फत काम करते असे दिसले. रोज एकाच वारंवारतेवर, एकाच जोराने घेतल्यास शरीर त्याला सरावते आणि चार-पाच दिवसांत गुण ओसरू लागतो, हेही अशाच प्रयोगांतून पुढे आले. ‘पहिले तीन दिवस बरं वाटलं, मग काही फरक नाही’ ही तक्रार दवाखान्यात ऐकू आली, तर ती रुग्णाच्या मनाची समजूत म्हणून उडवून लावू नये. वारंवारता बदलणे, एकाच सत्रात कमी-जास्त मिश्र ठेवणे किंवा रोज जोर थोडा वाढवणे हे त्यावरचे उपाय.

प्रकार : नेहमीच्या टेन्समध्ये सेकंदाला 50 ते 100 किंवा त्याहून थोडे जास्त ठोके असतात, दुखऱ्या भागात जोरदार मुंग्या येतात, पण स्नायू उडत नाही. ॲक्युपंक्चरसारख्या म्हटल्या जाणाऱ्या प्रकारात सेकंदाला दोन ते चारच ठोके, पण जोर इतका की स्नायू टकटक उडतो. पहिल्याचा आराम चटकन येतो आणि चटकन जातो. दुसऱ्याचा सावकाश येतो व काही वेळ टिकतो.

‘करंट’ या एका शब्दाखाली येणारी दुसरी यंत्रे वेगळी आहेत. आयएफटी (इंटरफेरेन्शियल थेरपी) हे मोठे, टेबलावरचे यंत्र. त्यात चार हजार हर्ट्झच्या आसपासचे दोन प्रवाह एकमेकांत मिसळून शरीरात खोलवर मंद ठोका तयार होतो, अशी कल्पना आहे. ही पद्धत 1950 च्या दशकात व्हिएन्नाच्या हान्स नेमेच यांनी पुढे आणली. चेहऱ्याच्या लकव्यात किंवा ऑपरेशननंतर कमजोर स्नायू हलवण्यासाठी देतात तो करंट स्नायूसाठी असतो, वेदनेसाठी नव्हे. अल्ट्रासाउंड हा तर करंट नाहीच, तो ध्वनी. चुंबकाचे पट्टे आणि ‘नसा मोकळ्या करणाऱ्या’ चपला जत्रेतही मिळतात. त्यांचा या नोंदीशी संबंध नाही.

इतिहास : विजेने दुखणे घालवण्याची खटपट विजेच्या शोधाहून जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस याने संधिवाताच्या पायाखाली आणि दुखत्या डोक्यावर विजेचा झटका देणारा टॉर्पेडो मासा ठेवायला सांगितले होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेत विद्युत उपचारांची लाट आली आणि तिच्यात भोंदूगिरीही भरपूर मिसळली. आधुनिक टेन्सला पाया मिळाला तो 1965 च्या सिद्धांताने. 1967 मध्ये वॉल आणि विल्यम स्वीट यांनी विद्युत उद्दीपनाने माणसाची वेदना तात्पुरती थांबवता येते हे दाखवले. त्याच वर्षी नॉर्मन शिली यांनी मज्जारज्जूवर उद्दीपक बसवण्याची शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला विजेचा गुण येतो का हे तपासायला त्वचेवरचे यंत्र वापरत. काहींना त्या तपासणीच्या यंत्रानेच इतका आराम पडला, की तेच उपचार झाले.

वापर : पॅड दुखऱ्या जागेच्या आसपास लावतात, कमरेला मणक्याच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याला वाटीच्या आजूबाजूला. त्वचा धुऊन कोरडी हवी. जोर हळूहळू वाढवायचा : आधी काहीच नाही, मग चाहूल, मग मुंग्या, मग जोरदार पण सुखाच्या मुंग्या. तिथे थांबायचे. काही मिनिटांत जाणीव बोथट होते, मग एक घर वाढवायचे. दोन्ही टोकांना चुका होतात. ‘लागला पाहिजे, तरच पैसे वसूल’ म्हणून दात आवळून सहन करणारे आहेत, आणि मुंग्या आल्या न आल्या तोच बटण सोडणारेही आहेत. दुसऱ्या चुकीने उपचारच होत नाही.

प्रस्तुत नोंदकाराने मानेसाठी एका दवाखान्यात दहा बैठका घेतल्या होत्या. चौथ्या दिवशी सुया टोचल्यासारखे झाले. ‘आज करंट चांगला लागतोय’ असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात जुन्या पॅडचे जेल वाळले होते आणि एक कोपरा उचलला गेला होता. सगळा प्रवाह उरलेल्या चिकट भागातून जात होता. टोचणे म्हणजे जोर नव्हे, ती पॅडची तक्रार. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार असताना, घामाने पॅड असेच सुटतात. पंख्याखाली बसून, अंग पुसून, मग लावावेत. काम झाल्यावर ते प्लास्टिकच्या कागदावर परत चिकटवून ठेवावेत आणि दुसऱ्याच्या अंगावरचे पॅड आपण वापरू नयेत.

त्या दहा दिवसांत एक गोष्ट मात्र घडली नाही : यंत्र चालू असताना हालचाल. उपचार खाटेवर पालथे झोपवून झाला आणि वीस मिनिटांनी ‘झालं, या उद्या’. आराम सर्वांत जास्त असतो तो यंत्र चालू असताना आणि त्यानंतर थोडा वेळ. तो वेळ झोपून घालवला, तर हाती फार कमी लागते. फायब्रोमायल्जिया (अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा विकार) असलेल्या 300 हून थोड्या अधिक स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टेन्स हालचाली करताना वापरायला सांगितले होते. चार आठवड्यांनी हालचालीच्या वेळची वेदना खोट्या यंत्राच्या (दिसायला तसेच, पण उपचार न करणाऱ्या) तुलनेत कमी झाली. म्हणून डबी कमरेला अडकवून चालावे, जिना चढावा, फिजिओने दिलेले व्यायाम करावेत. यंत्राचा खरा उपयोग ही हालचालीची सवलत आहे. झिजलेला सांधा किंवा सरकलेली चकती त्याने जागेवर येत नाही. विडीच्या सुपासमोर करंट लावून आणखी दोन तास त्याच बैठकीत बसणे, हा या सवलतीचा सर्वांत वाईट खर्च.

गुण किती आला हे विचारताना डॉक्टर शून्य ते दहाची पट्टी सांगतात. इथला माणूस आण्यांत उत्तर देतो : ‘आठ आणे कमी आहे’, ‘बारा आणे फरक’. दोन्ही पट्ट्या सारख्याच चांगल्या आहेत. फक्त करंट लावण्याआधी, चालू असताना आणि दोन तासांनी असे तीनदा विचारावे.

परिणामकारकता : याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. कोणते उपचार द्यावेत याची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असे सांगितले, आणि 2021 मध्ये ठोस कारण न सापडणाऱ्या दीर्घकालीन वेदनेबाबतही तेच. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने 2012 मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीच्या टेन्सचा खर्च सर्वसाधारणपणे देणे थांबवले. 2019 च्या कॉक्रेन आढाव्याला (कॉक्रेन ही चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था) दीर्घकालीन वेदनेबाबत ठाम निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा सापडला नाही. उलट 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 381 चाचण्या एकत्र पाहणाऱ्या आढाव्यात टेन्स चालू असताना किंवा लगेच नंतर वेदना खोट्या उपचारापेक्षा कमी असल्याचा मध्यम खात्रीचा पुरावा मिळाला, आणि गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत. गोंधळाचे एक कारण चाचण्यांतच आहे. कित्येक चाचण्या लहान होत्या, कित्येकींत जोर अपुरा होता, आणि खोटे यंत्र देणे अवघड, कारण मुंग्या येतात की नाही हे रुग्णाला कळतेच. आजच्या पुराव्यावरून इतके म्हणता येते, की चालू असताना दिलासा, बंद केल्यावर थोडा वेळ, त्यापुढे हमी नाही. दहा बैठकांत ‘कायमचा आराम’ लिहिलेल्या पाटीकडे या मापाने पाहावे.

निषेध : पेसमेकर किंवा तत्सम यंत्र बसवलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय टेन्स लावू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांवर, छातीच्या आरपार जाईल असे, जखमेवर, पायाच्या शिरेत गुठळी झाली असल्यास तिच्यावर, कर्करोगाच्या गाठीवर आणि गरोदरपणी पोटावर पॅड लावत नाहीत. फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीतच वापरावे. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांची आधी कापूस आणि टाचणीने तपासणी करावी. जिथे स्पर्शच कळत नाही तिथे मुंग्याही कळत नाहीत, जोर वाढत जातो आणि कातडी भाजू शकते. दुचाकी किंवा मशिन चालवताना टेन्स चालू ठेवू नये. यात माग आला.

काही दुखण्यांवर करंट लावणे म्हणजे वेळ दवडणे. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा, पाय लुळा पडणे, ताप, कारण नसताना वजन घटणे, पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र कळ : यांत थेट सिव्हिल गाठावे. छातीतून डाव्या हातात उतरणाऱ्या कळेला खांद्याचे दुखणे समजून घरातले यंत्र लावण्याची चूक जिवावर बेतू शकते.

रोपित उद्दीपक : त्वचेवरच्या टेन्सने भागत नाही अशा निवडक रुग्णांत, विशेषतः मणक्याच्या ऑपरेशननंतरही राहिलेल्या पायातल्या कळेसाठी, मज्जारज्जूलगत तारा आणि त्वचेखाली बॅटरी बसवतात. आधी काही दिवस तात्पुरत्या तारांनी चाचणी घेतली जाते आणि वेदना निदान निम्म्याने उतरली तरच कायमचे यंत्र बसवण्याचा प्रघात आहे. सोलापुरी मापात, निदान आठ आणे.