मुलाची टोपी (बेळगाव सीमाभाग)

मुलाची टोपी : सणावाराला, लग्नकार्यात, शाळेत आणि फोटो काढताना मुलग्यांच्या डोक्यावर असणारे शिरोवस्त्र. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरांत मुलाचा ठेवणीतला पोशाख एकेकाळी टोपीवाचून पुरा होत नसे. चारचौघांत बोडक्या डोक्याने जाणे अशुभ, निदान अडाणीपणाचे तरी समजले जाई.

सुरुवात कुंचीपासून होई. डोके झाकून पाठीवर सोडलेली ही कुंची आजी घरीच शिवायची, पुष्कळदा खणाची. गुळेदगुड्ड गावचा खण या भागाला दूरचा नव्हे, त्यामुळे चोळी बेतून उरलेला तुकडा बाळाच्या डोक्यावर जाई. मराठीतली कुंची आणि कन्नडमधली कुंचिगे, मराठी टोपी आणि कन्नड टोप्पिगे. बाळंतविडा कुठल्या भाषेच्या घरातून आला हे नुसत्या नावावरून सांगता येऊ नये.

मूल चालू-बोलू लागले की जरीच्या टोपीची पाळी. जांभळी किंवा लाल मखमल, वर कलाबतूची वेलबुट्टी, टिकल्या, आत सुती अस्तर. वर्षाचे बहुतेक दिवस ही टोपी ट्रंकेतच असायची. मूल वाढणार म्हणून ती अंगाने थोडी मोठीच घेत आणि आत वर्तमानपत्राची घडी बसवून डोक्याला बेताची करत. दरवर्षी एक घडी कमी व्हायची. घरातल्या दुसऱ्या मुलाच्या वाट्याला ती आली, तर घड्या पुन्हा आत.

जुने स्टुडिओतले फोटो पाहावेत. गळ्यापर्यंत बटणे लावलेला कोट, खाली धोतर किंवा आखूड विजार, एक हात खुर्चीच्या पाठीवर, डोक्यावर टोपी. आणि पाय कित्येकदा अनवाणी. वहाण नसली तर चालत असे, टोपी नसून चालत नसे. त्या काळी कशाला किती मोल होते हे यातून जेवढे कळते, तेवढे पोशाखाच्या वर्णनांतून कळत नाही.

थोरल्या मुलांसाठी काळी टोपी होती. तिच्या आतल्या पट्टीवर खोबरेल आणि घाम मिळून तेलकट कड धरायची. मुसलमान घरांतल्या मुलांकडे गोंड्याची तुर्की टोपी असे. पटका, फेटा, रुमाल ही मोठ्यांची मिरास; लग्नात एखाद्या पोराला फेटा बांधलाच, तर तो जेवणाच्या पंगतीपर्यंत टिकत नसे.

पांढऱ्या गांधी टोपीची गोष्ट निराळी. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे ३९ वे अधिवेशन बेळगावात टिळकवाडीकडे भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. गंमत अशी की टोपीला ज्यांचे नाव पडले, त्यांनी स्वतः १९२१ मध्येच टोपी घालणे सोडले होते. टोपी मात्र या मुलखात राहिली. खादीची, पुढेमागे निमुळती, घडी करून खिशात मावणारी आणि घरी धुता येणारी, म्हणून गरिबालाही परवडणारी. पुढे खेड्यापाड्यांच्या मराठी शाळांत पांढरा सदरा, खाकी चड्डी आणि ही टोपी असाच वेश रुळला. सोमवारी ती परीटघडीची दिसायची. इस्त्री घरात नसली तर निखारे भरलेला तांब्या फिरवून खळ दिलेली टोपी कडक करत. शनिवारपर्यंत तिच्यात चिंचा, गोट्या, कधी पेरू बांधून झालेले असत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, तरी पोरांच्या टोपीत त्याने काही बदल झाला नाही. ती गेली पुढे, केसांचा भांग दाखवायची हौस आल्यावर.

बेळगावात वैशाख शुद्ध द्वितीयेला शिवजयंती साजरी होते. तिच्या चित्ररथांवर मुले जिरेटोप घालतात आणि मिरवणुकीत भगवे फेटे दिसतात. पण ते सोंग आणि उत्सव, रोजच्या शिष्टाचाराची टोपी ती नव्हे.

जुनी रीत खऱ्या अर्थाने उरली आहे ती पाटावर. पाडव्याला, भाऊबीजेला ओवाळायला ताट उचलले की घरातली म्हातारी अजून म्हणते, “बोडक्यानं बसू नकोस रे.” मग टोपीची शोधाशोध होते, ती सापडत नाही, आणि जीन्समधल्या नातवाच्या डोक्यावर खिशातला हातरुमाल चौघडी करून ठेवला जातो. कुंकू लावताना तो घसरतो, म्हणून एका हाताने धरून ठेवावा लागतो.