रोपांची पुनर्लागवड

रोपवाटिकेत वाढवलेली कोवळी रोपे काढून बागेत किंवा शेतात कायमच्या जागी लावणे म्हणजे पुनर्लागवड. महाराष्ट्रात टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर आणि कांदा ही पिके प्रामुख्याने अशीच घेतात. यांचे बी बारीक असते, सुरुवातीची वाढ सावकाश होते आणि संकरित बियाणे महाग पडते. त्यामुळे पहिले काही आठवडे ही रोपे गादीवाफ्यावर (मातीच्या उंच वाफ्यावर) किंवा ट्रेमध्ये नजरेखाली वाढवलेली बरी. भाताची आवणी हाही पुनर्लागवडीचाच प्रकार, पण तिचे तंत्र वेगळे असल्याने येथे भाजीपाल्याचाच विचार केला आहे.

लावलेले रोप तगणार की जाणार हे बहुधा पहिल्या आठवड्यातच ठरते. जमिनीतले पाणी मुख्यतः मुळांच्या टोकांजवळचे अतिशय नाजूक मूलरोम शोषून घेतात आणि रोप उपटताना नेमके तेच तुटतात. पाने मात्र होती तेवढीच राहतात व त्यांच्यातून पाणी उडत राहते. मग रोप मान टाकते. नवी मुळे फुटेपर्यंत ही तूट वाफा तुडुंब भरूनही भरून निघत नाही; उलट मातीतली हवा कोंडते आणि उरलेली मुळे कुजू लागतात. मुळे कमीत कमी तुटू द्यायची आणि पानांवाटे जाणारे पाणी तात्पुरते कमी करायचे, या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या की पुढच्या बहुतेक रीतींची कारणे आपोआप कळतात.

रोपाचे वय फार महत्त्वाचे. टोमॅटो, कोबी व फ्लॉवरची रोपे साधारण २५ ते ३० दिवसांत, वांगी व मिरचीची पाच ते सहा आठवड्यांत, तर कांद्याची सहा ते आठ आठवड्यांत लावण्याजोगी होतात. पाऊस लांबला किंवा जमीन तयार नसली की रोपे वाफ्यातच जरड, म्हणजे जास्त वयाची व निबर होतात. जरड रोप उंच दिसते म्हणून घेणाऱ्याला बरे वाटते, पण त्याला नवी मुळे उशिरा फुटतात. जास्त वयाच्या फ्लॉवरच्या रोपांना बटणाएवढे गड्डे धरतात आणि रब्बी कांद्यात डेंगळ्यांचे (फुलांच्या दांड्यांचे) प्रमाण वाढते. निवड करायचीच झाली तर उंच रोपापेक्षा ठेंगणे, जाड खोडाचे आणि गर्द हिरव्या पानांचे रोप घ्यावे.

लावणीच्या आधी आठ-दहा दिवस रोपे कणखर करतात. पाणी हळूहळू कमी करायचे, शेडनेटखालची रोपे रोज थोडा जास्त वेळ उन्हात ठेवायची, नत्रयुक्त खत बंद करायचे. वाढ थोडी थबकते, पानांवरचा मेणचट थर जाड होतो आणि उघड्या वाऱ्या-उन्हाचा धक्का सोसवतो. मात्र काढण्याच्या आदल्या दिवशी वाफा चांगला भिजवावा लागतो. कोरड्या वाफ्यातून ओढलेल्या रोपाची निम्मी मुळे मातीतच राहतात.

प्रो-ट्रेमधील, म्हणजे कप्प्यांच्या प्लास्टिक ट्रेमधील रोपाचा फायदा हाच, की कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) गड्डीसह ते अखंड निघते. ते शेंडा धरून खेचू नये. कप्प्याला खालून बोटाने दाबावे आणि गड्डी हातात घ्यावी. लावल्यावर गड्डीवर बोटभर मातीचा थर हवा. कोकोपीट उघडे राहिले तर ते ओल वर ओढून हवेत सोडते आणि भोवतालची माती ओली असूनही गड्डी सुकते. घरच्या कुंड्यांमध्ये ही गोष्ट सर्रास राहून जाते.

लावणी दुपार उतरल्यावर किंवा ढगाळ दिवशी करावी, म्हणजे रोपाला सावरायला रात्र मिळते. जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली असावी. टोमॅटोच्या खोडालाही मुळे फुटतात, त्यामुळे खालची पाने काढून तो थोडा खोल लावला तर चालते, लांबट रोपासाठी तर ते हिताचेच. कोबी-फ्लॉवरचा मधला कोंब मात्र मातीखाली जाता कामा नये. प्लास्टिक मल्चिंग (वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद) असेल तेथे छिद्र पुरेसे मोठे ठेवावे. तापलेल्या कागदाला टेकून कोवळे खोड भाजते.

कांद्याची लागवड हा या कामाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कष्टाचा प्रकार. रब्बीच्या उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत होते. १५ × १० सेंटीमीटर अंतर धरले तर एकरी अडीच लाखांवर रोपे बसतात आणि त्यातले प्रत्येक हाताने लावलेले असते. बायकांच्या टोळ्या ओणव्याने हे काम करतात. डाव्या हातात रोपांची जुडी आणि उजव्या हाताचा अंगठा मुळे मातीत दाबत पुढे सरकणारा. लावणीपूर्वी पातीचा वरचा सुमारे एक तृतीयांश भाग छाटतात, म्हणजे पाणी उडणारी पातच कमी होते. रोप खोल गेले तर कांदा लांबट होतो, म्हणून ते उथळच दाबायचे. बाजारभावाच्या चर्चेत हे कौशल्य जमेस धरले जात नाही, याची खंत वाटते.

लावल्याबरोबर पहिले पाणी हलके द्यावे आणि तीन-चार दिवसांनी आंबवणी, म्हणजे दुसरे हलके पाणी. त्यानंतर मात्र रोपाकडे पाहूनच ठरवावे. दुपारी कोमेजलेले रोप संध्याकाळी ताठ होत असेल तर त्याचे मूळ कामाला लागले आहे. जादा पाण्याची गरज नाही. सकाळीही मान खाली असेल तर बोटभर माती उकरून ओल तपासावी. ओल असूनही रोप उठत नसेल तर मूळकूज किंवा बुंध्याशी कुरतडणारी अळी शोधावी. परसबागेत पहिले तीन-चार दिवस डहाळीची किंवा जुन्या कापडाची सावली पुरते.

गाजर व मुळा यांची पुनर्लागवड करू नये. सोटमूळ दुखावले की त्याला फाटे फुटतात. काकडी, दोडका, कारली ही वेलवर्गीय पिके गड्डीसह लावली तरच साधतात.

मेलेल्या रोपांच्या जागी आठ-दहा दिवसांच्या आत नांग्या भराव्यात. त्यासाठी थोडी रोपे वाफ्याच्या कडेला राखून ठेवतात. याहून उशीर झाला तर नवे रोप शेजारच्या वाढलेल्या झाडांच्या सावलीत सापडते आणि जागा अडवूनही फारसे फळत नाही.