साधनचिकित्सा

साधनचिकित्सा : संशोधनपर लेखनात आधारासाठी घेतलेले ग्रंथ, दप्तर, शिलालेख, वृत्तपत्रे व संकेतस्थळांवरील मजकूर कितपत विश्वासार्ह आहेत, हे पारखण्याची पद्धत. महाविद्यालयीन प्रकल्पापासून प्रबंधापर्यंत ती आवश्यक मानली जाते.

तिच्या उगमाबद्दल एकमत नाही. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांत (काळ अनिश्चित; बहुधा इसवी सनाची पहिली काही शतके) ‘आप्तोपदेशः शब्दः’ (आप्ताचे म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीचे वचन हे प्रमाण) असे शब्दप्रमाणाचे, म्हणजे वचनातून मिळणाऱ्या ज्ञानाचे, लक्षण आहे. भाष्यकार वात्स्यायनाच्या मते विषय प्रत्यक्ष जाणणारा व जसा पाहिला तसाच सांगू इच्छिणारा तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते. युरोपात इटालियन विद्वान लोरेन्झो व्हाला याने १४४० मध्ये कॉन्स्टंटाइनचे दानपत्र (रोमन सम्राटाने पोपला सत्ता बहाल केल्याचा दस्तऐवज) त्यातील लॅटिनच्या आधारे बनावट ठरविले. पहिला विचार वक्त्याचा, दुसरा कागदाचा. आजच्या पद्धतीला दुसरा अधिक जवळचा वाटतो. महाराष्ट्रात वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड प्रसिद्ध करताना बखरींपेक्षा अस्सल पत्रांना महत्त्व दिले.

सोलापूरच्या नावाचा वाद या दृष्टीने बोधप्रद आहे. सोळा गावांचे मिळून सोलापूर झाले, ही व्युत्पत्ती सर्वतोमुखी आहे. परंतु त्या गावांच्या प्रचलित यादीत आदिलपूर, फतेहपूर, मुहम्मदपूर अशी उघडच उत्तरकालीन नावे येतात. शिवाय ज्याची उपपत्ती लावायची, ते सोलापूरही त्या सोळांतच मोजलेले आहे. याउलट श्रीसिद्धरामेश्वरांच्या काळातील (बारावे शतक) कलचुरी शिलालेखांत ‘सोन्नलगे’ हे नाव आढळते, तर मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके १२३८ च्या (इ. स. १३१६ च्या सुमाराच्या) संस्कृत लेखात ‘सोनलीपूर’. त्यामुळे अभ्यासकांचा कल शिलालेखांकडे आहे व तो योग्य दिसतो. सोळा गावांची कथा मात्र टाकाऊ ठरत नाही. शहर स्वतःविषयी काय सांगत आले, याचा ती पुरावा आहे.

साधनाचा दर्जा असा विचारलेल्या प्रश्नानुसार बदलतो. १८८४ चे सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटिअर त्या काळच्या प्रशासकीय दृष्टीसाठी प्राथमिक साधन, बाराव्या शतकासाठी दुय्यम. सोलापुरातील १९३० च्या लष्करी कायद्याबाबत (मार्शल लॉ) सरकारी अहवाल आणि सत्याग्रहींच्या आठवणी दोन्ही पक्षपाती असतात, म्हणून त्या समोरासमोर ठेवून वाचाव्या लागतात.

अद्ययावतता, प्रस्तुतता, लेखकाचा अधिकार, अचूकता व हेतू ही पंचसूत्री कसोटी २००४ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील चिको येथील विद्यापीठ ग्रंथालयातून रूढ झाली. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ ही नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद झाल्याने नियतकालिकाची पारख आता संस्थांवर व मार्गदर्शकांवर आली आहे. ‘शोधगंगा’ या भारतीय प्रबंधांच्या संकेतस्थळावरील प्रबंध सहज मिळतात, पण त्यांतील तळटीप मूळ ग्रंथ उघडून पडताळल्याशिवाय उचलू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेने सुचविलेला संदर्भ मुळात अस्तित्वात आहे का, हे आधी पाहावे.

गिरणी कामगारांच्या आठवणींसारख्या मौखिक साधनांत सनावळी डळमळीत असते. पाळी, पगार व चाळीतील राहणीमान यांसाठी त्या मोलाच्या आहेत.