कानाचा मसावि

गणपतीतल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग घेऊन भाचा आला तो तोंड पाडूनच. चौघांचा बँड आहे, हा त्यात बेस गिटार वाजवतो. समोर बसलेल्या कुणीतरी मोबाइलवर शूट केलेलं. गाणारा ऐकू येतोय, लीड गिटार ऐकू येतेय, ड्रमवर पडलेली काठी न् काठी ऐकू येतेय. "मामा, ह्यात मी हाय कुठं सांग की," म्हणाला. दिसत होता, बोटंही हलत होती, आवाज मात्र शून्य. त्यात माझ्या बहिणीनं मीठ चोळलं: "ऐकूच येत नसेल तर एवढं ओझं खांद्यावर घेऊन उभं राहायचं कशाला?"

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे उत्तर जिभेवरच होतं. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला 41 वेळा थरथरते, म्हणजे 41.2 हर्ट्झ. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. वारंवारता निम्मी केली की तेवढाच जोर टिकवायला स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर पुढंमागं जावं लागतं. नखाएवढा पडदा किती नाचणार? दोन-अडीचशे हर्ट्झच्या खाली त्याचा दम संपतो. म्हणून बेस गायब. विषय संपला.

भाच्यानं काही न बोलता त्याच मोबाइलवर दुसरं गाणं लावलं, स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं. त्यात बेस स्वच्छ. कुठला स्वर कुठं उतरतोय ते मला गुणगुणता येत होतं. "मग ह्यो कसा ऐकू येतोय?"

लाज वाटली. उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. दरवर्षी तो भाग मी वर्गात "परीक्षेला नाही" म्हणून अर्ध्यावर सोडतो, त्याची लाज वाटली.

आधी तारेचं बघू. फ्रेंच पाद्री मॅरिन मर्सेन यानं 1636 च्या सुमारास तारेचे नियम मांडले. स्वर खाली आणायचा तर तीन वाटा: तार लांब करा, ढिली करा किंवा जड करा. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडरनं प्रिसिजन बेस बाजारात आणला, त्यात तारेची लांबी 34 इंच ठेवली. साध्या इलेक्ट्रिक गिटारची साडेपंचवीसच्या आसपास असते. लांबीनं थोडं काम होतं, बाकीचं वजनानं करावं लागतं. ताण कमी करून चालत नाही, तार लोळायला लागते. म्हणून बेसची ई तार, म्हणजे ती सगळ्यात जाड तार, उचलली की हाताला दोरखंड लागतो. चार तारांचे स्वर 41.2, 55, 73.4 आणि 98 हर्ट्झ. तारेखाली चुंबक, चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, याला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की वेढ्यात वीज उमटते. हे फॅरेडेनं 1831 सालीच सांगून ठेवलंय, शाळेत झालंय.

शाळेत दुसरं एक झालेलं असतं आणि तेच विसरायला होतं. छेडलेली तार एकाच वारंवारतेनं कधीच हलत नाही. 41.2 च्या बरोबरीनं ती 82.4 नं हलते, 123.6 नं हलते, 164.8, 206, 247.2, 288.4, 329.6... सगळे मूळ स्वराच्या पटीतले. यांना हार्मोनिक म्हणतात. मोबाइलच्या स्पीकरनं खालचे पाच गिळले तरी सहावा, सातवा, आठवा बाहेर येतात. कानात शिरतात ते 247.2, 288.4 आणि 329.6. ऐकू मात्र 41.2 येतो. हवेत नसलेला स्वर.

हे होतं कसं? पाचवी-सहावीतला मसावि आठवा, महत्तम साधारण विभाजक. 200, 300 आणि 400 यांचा मसावि 100. एकाच वेळी 200, 300 आणि 400 हर्ट्झचे तीन स्वर वाजवले तर तिन्ही मिळून कानाला 100 हर्ट्झचा स्वर ऐकू येतो. कारण असं की 200 ची लाट दर 5 मिलिसेकंदांनी फिरून येते, 400 ची दर अडीच, 300 ची दर सव्वातीनहून किंचित जास्त. तिन्ही लाटा पुन्हा एका रांगेत उभ्या राहतात त्या बरोबर 10 मिलिसेकंदांनी. सेकंदाला शंभरदा. लेझीम खेळताना तीन पोरं तीन वेगळ्या चालीत असली तरी काही पावलांनी सगळ्यांचा पाय एकदम पडतो आणि जमिनीला तोच ठोका कळतो, तसं. काळाचा लसावि काढला काय किंवा वारंवारतेचा मसावि काढला काय, गोष्ट एकच.

यावर भांडण झालेलं आहे, तेही मोठ्या माणसांत. 1841 च्या सुमारास जर्मनीत ऑगस्ट झेबेक भोकं पाडलेली तबकडी फिरवून त्यावर हवा फुंकत असे. मूळ स्वर जवळजवळ नाहीसा असतानाही तोच ठळक ऐकू येतो असं त्यानं सांगितलं. विरोधात उभा राहिला ओम, विजेच्या रोधाचा तोच ओम. त्याचं म्हणणं, जे हवेत आहे तेच कान ऐकतो, बाकी भ्रम. हेल्महोल्ट्झसारखा दिग्गज ओमच्या बाजूला गेला आणि झेबेक मागे पडला. पुढं बरीच वर्षं असंही मानलं गेलं की कानातच 300 वजा 200 अशी वजाबाकी होते आणि 100 चा स्वर कानाच्या आत खरोखर तयार होतो. 1954 साली जे. सी. आर. लिकलायडर यांनी ही शंका छान मिटवली. खालच्या पट्टीत त्यांनी नुसता खरखराट भरला. 100 चा स्वर कानात खरोखर तयार होत असता तर त्या खरखराटात बुडाला असता. नाही बुडाला. म्हणजे हिशेब कानातल्या वजाबाकीनं होत नाही, मागच्या मज्जाव्यवस्थेत होतो.

आता थोडं खोल जातो, नको असेल त्यानं पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. 1800, 2000, 2200 हे तीन स्वर दिले तर 200 ऐकू येतो, ठीक. प्रत्येकाला 40 नं वर सरकवा: 1840, 2040, 2240. वजाबाकी अजूनही 200 आहे. गणितातला मसावि मात्र 40 वर घसरतो. कान काय ऐकतो? 200 नाही, 40 तर नाहीच. तो साधारण 204 ऐकतो! हॉलंडमध्ये शाउटेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 साली हे दाखवलं. 1840 ला 9 नं भागा, 2040 ला 10 नं, 2240 ला 11 नं. तिन्ही उत्तरं 204 च्या आसपास येतात. म्हणजे हा मसावि वहीतला काटेकोर मसावि नाही. बाजारात उभ्या उभ्या हिशेब करणाऱ्या माणसासारखं डोकं जवळात जवळ बसणारा मूळ स्वर उचलतं. आणि ही माणसाचीच मिरासदारी आहे असंही नाही. मार्मोसेट माकडांच्या मेंदूत अशा पेशी 2005 साली सापडल्या की ज्या मूळ स्वर खरा वाजला तरी चेततात आणि तो काढून टाकून नुसते वरचे हार्मोनिक दिले तरी तशाच चेततात.

हे सगळं तुम्ही रोज वापरता. जुना लँडलाइन फोन 300 ते 3400 हर्ट्झ एवढंच पलीकडे पोचवायचा. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण शंभर ते दीडशे हर्ट्झ, म्हणजे तारेतून तो जातच नव्हता. तरी वडिलांचा फोन आला की आवाजातला दरारा जसाच्या तसा यायचा आणि आपण पलंगावर सरळ होऊन बसायचो. तो दरारा आपणच आपल्या डोक्यात काढत होतो.

आपल्याकडच्या कारागिरांनी ही जादू हेल्महोल्ट्झला विचारून केली नव्हती. इथून, कोल्हापुरातून, पन्नासेक किलोमीटरवर मिरजेत तंबोरे बनतात. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडा. ती घोड्यावर (तारा टेकतात त्या पट्टीवर) एका बिंदूत टेकत नाही, घोड्याच्या किंचित उतरत्या पाठीवर थरथरत सरकते. मध्ये सुताचा धागा घालून जवारी जुळवतात. त्यामुळे वरच्या हार्मोनिकांचा झरा सुरू होतो. तार ज्या बिंदूत छेडली, तिथं ज्या हार्मोनिकांची हालचाल शून्य असते ते हार्मोनिक उमटू नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली दाखवलं की आपला तंबोरा आणि वीणा तो नियम धाब्यावर बसवतात. जवारी खुली की खर्ज भरून येतो तो असा. खालचा स्वर जाड व्हायला वरचे स्वर लागतात. हे वाक्य भाच्याला तीनदा सांगितलं, कारण त्याच्या दुखण्याचं औषध यातच होतं.

त्याची गिटार मागवून घेतली. ई तार छेडली तर आवाज "ढब्" असा आला, ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखा. तारेवरून बोट फिरवलं तर चिकट. तारा कधी बदलल्यास? "दोन वर्षं झाली की." आणि प्रॅक्टिसला खाता काय? प्रॅक्टिस म्हणजे उद्यमनगरात ड्रमवाल्याच्या काकांचं वर्कशॉप आहे, त्याच्या माडीवर. तिथं भडंगाचा पुडा फोडल्याशिवाय पहिलं गाणं सुरू होत नाही. मग तीच तेलकट बोटं तारेवर.

बेसची तार भरीव सळी नसते. आत पोलादाचा बारीक गाभा आणि त्याभोवती निकेलचा वगैरे लेप असलेली गोल तार घट्ट गुंडाळलेली. त्याला कारण आहे. तेवढ्याच जाडीची भरीव तार घेतली तर ती ताठ होते, सळीसारखी वागायला लागते. मग तिचे हार्मोनिक पटीत राहत नाहीत, वरचे वरचे जास्तच वर सरकतात. मसावि बिघडला! गुंडाळी केली की वजन मिळतं आणि ताठपणा फार वाढत नाही. पण त्याच गुंडाळीच्या खाचांत घाम, कातडीचा भुगा आणि भडंगाचं तेल जाऊन बसतं. वेढे एकमेकांवर घासायला लागतात आणि घर्षण आधी खातं ते वरच्या हार्मोनिकांना. मूळ स्वर शाबूत राहतो. म्हणून माडीवर मोठ्या अँपसमोर (अँप्लिफायरसमोर) भाच्याला सगळं ठीक वाटत होतं. मोबाइलनं खालचं गिळलं, तेलानं वरचं खाल्लं, कानाला हिशेबासाठी काही उरलंच नाही.

नवा संच आणायला पैसे नव्हते, तर बेसवाल्यांचा जुना उपाय केला. तारा काढल्या, वेटोळं केलं आणि बहिणीच्या पातेल्यात दहा मिनिटं उकळल्या. पाण्यावर करडा तवंग आला. बहीण दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही, नंतर ते पातेलं अंगणात दिसलं. तारा पुसून, कोरड्या करून चढवल्या, घोड्याच्या जरा जवळ छेडल्या (तिथं वरचे हार्मोनिक जास्त मिळतात) आणि त्याच मोबाइलवर रेकॉर्ड केलं. भाचा ऐकू येत होता. "नाद खुळा, मामा!" हा उपाय टिकत नाही, काही आठवड्यांत तारा पुन्हा मरतात, पण मुद्दा सिद्ध झाला.

कीबोर्डवाल्यानं मध्येच पिल्लू सोडलं की वाद्यं जुळवायचा 'ए' हा स्वर 440 ऐवजी 432 हर्ट्झला धरला तर स्वर 'निसर्गाशी' जुळतात, मन शांत होतं, व्हॉट्सअॅपवर आलंय. अरे बाबा, हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला, आणि सेकंद माणसानं ठरवलेला. दिवसाचे 86,400 तुकडे पाडले म्हणून 432. एक लाख पाडले असते तर त्याच स्वराचा आकडा 373 आणि वर काही झाला असता. 440 देखील आकाशातून पडलेला नाही, 1955 साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं सोयीसाठी सुचवलेला आकडा आहे. आपल्या गाणाऱ्यांनी तर षड्ज कायम गळ्याप्रमाणे धरला, आणि त्यांची मनं काही कमी शांत नव्हती.

बेस म्हटलं की कोल्हापुरात कुणालाही 'डॉल्बी'च आठवणार. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला आपण त्या कंपनीचं नाव का देतो देव जाणे. तिथं उलटा प्रकार असतो: खालचा स्वर हवेत खराखुरा, छातीच्या पिंजऱ्याला हलवणारा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, पण ती 'ए' भारांकनानं मोजायची. त्या भारांकनात 40 हर्ट्झच्या आवाजातून सुमारे 35 डेसिबल वजा होतात. मंद आवाजात कान बेसला मंद असतो म्हणून ती वजावट ठेवलेली. भिंतीसमोर ती लागू पडत नाही. खिडकीची तावदानं वाजतात आणि मीटर बिचारा त्या मानानं गप्प.

उद्यमनगरच्या माडीवरही एकदा जाऊन आलो. खाली लेथ चालू असला की गिटारच्या पिकअपमधून घूं घूं येते. मेन्स वीज 50 हर्ट्झची आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (गिटारच्या गळ्यावरच्या आडव्या पट्टीचा) स्वर 49 हर्ट्झचा. तो स्वर धरला की दोन्ही मिळून सेकंदाला एकदा हेलकावा बसतो. पोरांना वाटत होतं अँप बिघडलाय.

खोली दहा बाय चौदा फुटांची. चौदा फुटांत आवाज पुढंमागं आपटून जी वारंवारता फुगते ती साधारण 40 ते 41 हर्ट्झ, म्हणजे नेमकी ई तार. दहा फुटांत फुगते ती जवळपास ए तार, 55 हर्ट्झवाली. भिंतीजवळ बेस गडगडतो आणि खोलीच्या बरोबर मधोमध ई चा मूळ स्वर जवळजवळ पडतो. भाचा मधोमधच उभा असतो. त्याला म्हटलं, चार फूट भिंतीकडे सरक, ई भरून येईल. पटलं त्याला, दोनदा जाऊन ऐकूनही आला, आणि परत मध्येच येऊन उभा राहिला. माडीवरचा एकुलता एक पंखा तिथंच आहे.