दाताला दात भिडवून घाट चढणारी गाडी

एप्रिलच्या दुपारी रसवंतीवर ग्लासाची वाट बघत उभं राहिलं की बहुतेकांचं लक्ष बर्फाकडे नाहीतर घुंगरांच्या आवाजाकडे असतं. माझं लक्ष चरकाच्या कडेला असतं. हाताने फिरवायच्या मोठ्या चाकाच्या आसावर तिथे एक छोटं दातेरी चाक बसवलेलं असतं आणि ते त्याच्याहून बऱ्याच मोठ्या दातेरी चाकाला रेटत असतं. समजा छोट्याला 15 दाते आहेत आणि मोठ्याला 75. मग रसवाल्याने चाक पाच वेळा फिरवलं की लाट, म्हणजे ऊस पिळणारा गोल रूळ, एकदाच फिरणार. वेग पाचपट घटला, पण घर्षणात जातो तेवढा सोडला तर पिळायचा जोर पाचपट वाढला. म्हणून तर एकटा माणूस उसाच्या चिपाडाची घडी घालून तिसऱ्यांदा चरकात सारतो आणि तरी लाटा अडत नाहीत.

आता लाटांच्या टोकांना असलेली चाकं बघा. एका लाटेची फिरकी दुसरीला देणाऱ्या या चाकांचे दाते चांगले लांब असतात. रसवंतीत पेच आवळून किंवा सैल करून लाटांमधली फट कमी-जास्त करतात. साखर कारखान्याच्या मिलमध्ये तर वरचा रोलर उसाच्या थराप्रमाणे चालता चालताच वर-खाली होतो. दाते आखूड असते तर चाकं एकमेकांपासून सुटली असती. पण नुसती लांबी पुरत नाही. चाकं थोडी दूर सरली तरी फिरणं हिसके न खाता सारख्या गतीने व्हायला हवं, आणि ते दात्याच्या आकारावर ठरतं.

हा आकार घरी काढून बघता येतो. दोऱ्याचं रीळ कागदावर उभं चिकटवा, दोऱ्याच्या टोकाला पेन्सिल बांधा आणि दोरा ताणलेला ठेवून तो उलगडत न्या. पेन्सिल जी वक्ररेषा काढेल तिला इन्व्होल्यूट म्हणतात. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने गिअरच्या दात्यांसाठी ती सुचवली आणि आज यंत्रांतल्या बहुतेक गिअरांचे दाते याच रेषेत घडवलेले असतात. आता मनातल्या मनात दोन रिळं शेजारी ठेवा, त्यांच्यामध्ये दोरा तिरका ताणा आणि दोऱ्याला एक गाठ मारा. एका रिळावरून दोरा सुटतो, दुसऱ्यावर गुंडाळला जातो, आणि गाठ सरळ रेषेत सरकत राहते. दोन दाते एकमेकांना टेकतात तो बिंदू म्हणजे ही गाठ. दोन्ही रिळांच्या वेगाचं प्रमाण फक्त त्यांच्या जाडीवर अवलंबून आहे. रिळं थोडी दूर नेली तर दोऱ्याचा तिरपेपणा बदलेल, प्रमाण तेच राहील. हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी घरातली सगळी रिळं बाहेर काढली होती.

दात्याचा दुसरा गुण म्हणजे तो मोजतो. पट्टा घसरतो, गुळगुळीत चाक घसरतं, पण दातेरी चाकाचे 40 दाते पुढे गेले तर समोरच्याचेही 40च जाणार. जुन्या, इंचाच्या स्क्रूवर चालणाऱ्या लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्रावर, मिलिमीटरचे आटे अचूक पाडायचे असतील तर 127 दात्यांचं चाक लावतात. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, आणि 254 च्या निम्मे 127. ही मूळ संख्या, त्यामुळे कमी दात्यांची चाकं जोडून ती बरोबर साधता येत नाही. ग्रीसमधल्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजात 1901 साली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं एक खगोलयंत्र मिळालं. त्यातही 127 दात्यांचं चाक आहे. तिथे हिशोब वेगळाच होता: चंद्र 19 वर्षांत ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर 254 फेऱ्या करतो. एकाच आकड्याच्या दात्यांनी तिथे चंद्र मोजला आणि इथे आटे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रेल्वेचं मात्र सगळं बळ गुळगुळीतपणात आहे. पोलादावर पोलाद फिरताना अडथळा इतका कमी की थोड्या ताकदीत प्रचंड ओझं ओढता येतं. सुरुवातीच्या इंजिनिअरांना याचीच भीती वाटली: चाकं जागच्या जागी घसरत राहतील. इंग्लंडमध्ये लीड्सजवळच्या मिडलटन रेल्वेवर 1812 साली जॉन ब्लेंकिन्सॉपने एका रुळाच्या बाहेरच्या अंगाला दाते ओतून घेतले आणि इंजिनाला दातेरी चाक लावलं. थोड्याच काळात विल्यम हेडलीने दाखवून दिलं की सपाटीवर इंजिनाचं स्वतःचं वजनच चाकांना पकड द्यायला पुरतं. दाते मागे पडले.

प्रश्न घाटात पुन्हा उभा राहिला. 1863 साली सुरू झालेल्या बोरघाटात सर्वांत तीव्र चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. एवढ्यासाठीही कर्जतला गाडीच्या मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, हे मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्याला सांगायला नको. 1907 सालची माथेरानची छोटी गाडी 20 ला 1 पर्यंत चढते, तीही दात्यांशिवाय. वळणं घेत घेत ती वाट लांबवते आणि चढ आटोक्यात ठेवते. तमिळनाडूत मेट्टुपालयमहून उटीला जाणाऱ्या निलगिरी रेल्वेवर चढ 12 ला 1 च्या आसपास जातो, आणि तिथे हिशोब फिरतो.

हिशोब सोपा आहे. समजा इंजिन 48 टनांचं आहे. कोरड्या रुळावर चाकाला वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी पकड मिळते असं धरू, म्हणजे 9.6 टनांची ओढ. 12 ला 1 चढावर इंजिनाला स्वतःचाच भार वर न्यायला 4 टन लागतात. उरले 5.6 टन, त्यात 67 टनांची गाडी चढेल. वाईट नाही. आता धुकं आलं, रुळावर ओला पाला पडला आणि पकड निम्म्यावर आली. ओढ 4.8 टन, त्यातले 4 इंजिनाचेच गेले, उरले 0.8. गाडी साडेनऊ टनांची, धड एक डबासुद्धा नाही. पकड निम्मी झाली आणि ओझं सातव्या हिश्शावर आलं. निलगिरीसारख्या पावसाळी डोंगरात असल्या पकडीच्या भरवशावर माणसं चढवता येत नाहीत, उतरवता तर त्याहून येत नाहीत.

म्हणून कल्लारपासून कुन्नूरपर्यंत, सुमारे 20 किलोमीटर, दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या टाकल्या आहेत. ही पद्धत स्विस इंजिनिअर रोमन आब्टची, 1882 सालची. पट्ट्या दोन, एकमेकींना लागून समांतर, आणि एकीचा दाता जिथे तिथे दुसरीची खाच. इंजिनाखालचं पिनियन, म्हणजे पट्टीत अडकणारं दातेरी चाक, तेही तसंच जोडीचं. त्यामुळे एका पट्टीवरचा दाता भार सोडत असतो तेव्हा शेजारच्या पट्टीवरचा ऐन भरात असतो, आणि गाडी कधीच दोन दात्यांच्या मधे लोंबकळत नाही. या दात्यांच्या बाजू सरळ, तिरप्या असतात. इन्व्होल्यूट कुठे गेलं? तिथेच आहे. रीळ मोठं मोठं करत न्या. दोऱ्याची वक्ररेषा पसरट होत जाते आणि रीळ अनंत मोठं झालं की ती सरळ होते. दातेरी पट्टी म्हणजे अनंत मोठं गिअरच. रसवंतीतली सवलत इथेही कामाला येते: रुळावरची चाकं झिजली की इंजिन किंचित खाली बसतं, पिनियनचा आस पट्टीजवळ येतो, तरी गती सारखीच राहते.

कल्लार सोडताना गाडी अगदी हळू होते. पिनियनचा दाता पट्टीच्या खाचेसमोरच येईल याची काय खात्री? म्हणून आब्टच्या पद्धतीत पट्टीचा पहिला तुकडा स्प्रिंगवर बसवतात. दात्यावर दाता आला तर तो दबतो, पुढे सरकू देतो आणि खाच जुळली की वर येतो. मग दातांची घरघर सुरू होते ती थेट कुन्नूरपर्यंत, ताशी जास्तीत जास्त 13 किलोमीटरने.

स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला घडलेली इथली जुनी वाफेची इंजिनं बाजूला उभं राहून बघण्यासारखी आहेत. त्यांना सिलिंडरांच्या दोन जोड्या असतात. खालची जोडी रुळावरची चाकं फिरवते. तिथे वापरून झालेली, पसरलेली वाफ वरच्या जोडीत जाते आणि ती गिअरमधून पिनियन फिरवते. मधे गिअर असल्यामुळे वरचे दांडे खालच्यांपेक्षा जलद आणि उलट्या दिशेने चालतात. इंजिन कायम गाडीच्या उताराकडच्या टोकाला असतं. चढताना डबे पुढे ढकलतं, उतरताना पाठीवर तोलून धरतं, आणि तेव्हा वाफ बंद करून सिलिंडरांनाच हवा दाबायच्या कामाला लावून वेग रोखता येतो.

कुन्नूरला पट्टी संपते. तिथून पुढे उटीपर्यंत डिझेल इंजिन साध्या रुळांवर गाडी नेतं. फलाटावर उतरलात तर मागे राहिलेल्या पट्टीच्या दात्यांचा विचार करून बघा. गाडी चढो की उतरो, तिचं वजन तिला सतत उताराकडेच खेचतं आणि ते अडवायचं काम दात्याच्या चढाकडे तोंड असलेल्या बाजूवरच येतं. शंभराहून अधिक वर्षं, जाताना आणि येतानाही, प्रत्येक दात्याची तीच एक बाजू घासली जाते आहे.