चुन्यात बांधलेली दगडी धरणे : स्थिती आणि सुरक्षितता

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम भारतात दगड आणि चुन्याच्या मसाल्यात मोठी धरणे बांधली गेली. पुण्याजवळचे खडकवासला (१८७९), मुंबई बेटाच्या उत्तरेचे तुळशी (१८७९) आणि ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातले तानसा (१८९२) ही त्यांतली पिण्याच्या पाण्याशी जोडलेली प्रमुख नावे. मुंबईचे पहिले धरण विहार (१८६०) हे मातीचे असल्याने ते या नोंदीत फक्त संदर्भापुरते येते. ही धरणे आजही रोज पाणी देतात. त्यांच्या सुरक्षिततेची चर्चा बहुधा वयावर येऊन थांबते. वय महत्त्वाचे आहेच, पण बांधणाऱ्यांनी हिशेबात कोणती बळे धरली नव्हती, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

मूळ हिशेब. दगडी धरण आपल्या वजनावर उभे राहते. पाणी त्याला पुढे ढकलते, वजन त्याला जागी धरून ठेवते. ही दोन बळे मिळून पायावर कुठे पडतात, यावर सारे अवलंबून असते. दगडी बांधकाम दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून बळांची एकत्रित रेषा रुंदीच्या मधल्या तिसऱ्या भागातच राहिली पाहिजे, हा नियम स्कॉटिश अभियंता रँकिन याने १८७२च्या सुमारास मांडला. त्याचे निमित्त मुंबईच्या पाणीयोजनेचे होते. पालिकेचे अभियंता कॅप्टन टुलॉक यांनी दगडी धरणाच्या आकाराबद्दल त्याचे मत मागवले होते. आज जगभर शिकवला जाणारा हा नियम मुंबईच्या तहानेतून पुढे आला, हे मुंबईकरांना क्वचितच ठाऊक असते.

या हिशेबात एक बळ मात्र नव्हते. धरणाच्या पायाखाली आणि सांध्यांत शिरलेले पाणी बांधकामाला वर उचलते. अभियंते त्याला अपलिफ्ट म्हणतात. त्यामुळे धरणाचे कामी येणारे वजन घटते. २७ एप्रिल १८९५ रोजी फ्रान्समधले बूझे धरण फुटले आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली, तेव्हा या बळाकडे सर्वांचे लक्ष गेले. खडकवासला, तुळशी आणि तानसा तोवर उभी राहून भरलीही होती. भूकंपाचा विचारही त्या काळच्या आकडेमोडीत नव्हता. ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपात तेव्हा अगदी नव्या असलेल्या काँक्रीटच्या धरणाला तडे गेले आणि राज्यातल्या सगळ्याच धरणांचे गणित पुन्हा तपासावे लागले. तानशाच्या शेजारच्या भातसा परिसरात १९८३ मध्ये धक्क्यांची मालिका झाली. डहाणू-तलासरी भागाला नोव्हेंबर २०१८ पासून असेच धक्के बसू लागले.

तानसा. तानसा नदीवरचे हे धरण सुमारे २.८ किलोमीटर लांब आहे. मूळ उंची ११८ फूट होती, पण पुढे ते १३५ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ४१ मीटरपर्यंत, वाढवता यावे या बेताने अभियंता क्लार्क यांनी पाया आणि खालची रुंदी आधीच राखली होती. ही दूरदृष्टी कामी आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तानसा योजना टप्प्याटप्प्याने वाढत गेली. आज साठा १४,५०८ कोटी लिटर आहे. मुंबईच्या सात तलावांच्या एकूण साठ्यात हा वाटा सुमारे दहा टक्के भरतो. तलाव १२८.६३ मीटरला (ही पातळी धरणाच्या पायापासून नव्हे, ठरलेल्या संदर्भपातळीपासून मोजलेली) भरून वाहू लागतो. पावसाळ्यात ३८ दरवाजांची बातमी येते ती इथलीच.

अपलिफ्ट धरून पाहिले की उंच केलेले जुने धरण काठावर येते. त्यावर १९५०च्या दशकात तानशाला उपाय झाला : माथ्यावरून खाली खडकापर्यंत भोके पाडून त्यांत पोलादी केबल ओढून ताणल्या गेल्या. धरणाचे वजन न वाढवता त्याला खाली दाबून धरण्याची ही पद्धत फ्रेंच अभियंता कोइन याने अल्जीरियातील शुर्फा धरणावर १९३४ मध्ये प्रथम वापरली होती. भारतात तानसा हे तिचे सुरुवातीचे उदाहरण. केबलची अडचण अशी की ती दिसत नाही. गंजली तरी वरून कळत नाही आणि जुन्या केबलचा ताण पुन्हा मोजण्याची सोय बहुधा ठेवलेली नसते. त्यामुळे अशा धरणाचा आजचा हिशेब करताना केबलवर किती भरवसा ठेवायचा, हा अभियंत्यांमधला खरा वाद असतो. काही जण त्या शून्य धरतात.

चुना कसा जातो. पावसाचे साठलेले पाणी मऊ असते, त्यात क्षार कमी असतात. ते सांध्यांतून झिरपताना मसाल्यातला मोकळा चुना विरघळवते आणि बाहेर घेऊन येते. बाहेर हवेत त्याचा पुन्हा चुनखडीचा थर बसतो. धरणाच्या कोरड्या बाजूवर दिसणारे पांढरे ओघळ ते हेच. चुना गेला की मसाला सच्छिद्र होतो, पाझर वाढतो आणि वाढलेला पाझर आणखी चुना नेतो. बांधकामाची घनताही घटते, म्हणजे ज्या वजनावर धरण उभे आहे तेच हळूहळू वाहून जाते.

त्यामुळे गळतीचे प्रमाण व्ही आकाराच्या खाचेतून नियमित मोजणे आणि त्या पाण्यातला चुना प्रयोगशाळेत तपासणे, ही दोन साधी कामे कुठल्याही महागड्या उपकरणाहून जास्त सांगतात. आकडे मात्र तलावाच्या पातळीसोबत वाचावे लागतात, कारण पातळी चढली की पाझर वाढणारच. पातळी तीच असताना पाझर वाढला, किंवा स्वच्छ येणारे पाणी गढूळ झाले, तर ते लक्षण गंभीर. पाझर अचानक कमी झाला तरी खूश होऊ नये. पाणी बाहेर यायची वाट बुजली आणि आतला दाब वाढला, असेही घडलेले असू शकते. ओघळ दिसू नयेत म्हणून कोरड्या बाजूवर सिमेंटचा गिलावा मारणे हा याच जातीचा घातक उपाय आहे. छायाचित्रात मात्र धरण झकास दिसते.

दुरुस्ती. गळती पाण्याच्या बाजूने थांबवायची असते : सांधे खरवडून त्यांत नव्याने मसाला भरणे (दर्जा भरणे), सिमेंट-वाळूचा थर दाबाने फवारणे (गनाइटिंग), माथ्यावरून भोके घेऊन सिमेंटच्या पातळ मिश्रणाचे ग्राउटिंग. ग्राउटिंगचा दाब जपून ठेवावा लागतो. जास्त झाला तर जुने चुन्याचे बांधकाम आतूनच उकलते. कोरड्या बाजूला उलट पाण्याला वाट द्यायची असते, म्हणून निचऱ्याची भोके पाडतात. नव्या धरणात यासाठी आतून गॅलरी, म्हणजे भिंतीतला बोगदा, असते, जुन्यांत ती नाही. त्याहून मोठे काम म्हणजे मागून काँक्रीटचा आधार किंवा मातीचा भराव देणे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या भंडारदरा धरणात (१९२६) १९६९ मध्ये चिंताजनक भेगा आणि गळती दिसली. त्यानंतर त्याला आधारस्तंभ आणि केबल, दोन्ही द्यावे लागले. केरळातल्या, तमिळनाडूला पाणी देणाऱ्या मुल्लपेरियार धरणावर (१८९५) माथ्याचे काँक्रीट, केबल आणि मागचा आधार असे तिन्ही उपाय झाले. पाणी किती फुटांपर्यंत साठवायचे हा तिथला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१४ मध्ये १४२ फुटांची मर्यादा कायम झाली.

पाणीपुरवठ्याच्या धरणाची खरी अडचण वेळापत्रकाची आहे. पाण्याकडची बाजू उघडी पडते ती मे-जूनमध्ये, म्हणजे शहर पाणीकपातीच्या उंबरठ्यावर असताना. तेव्हा तलाव आणखी उतरवा असे सांगण्याची कुणाची छाती होत नाही, आणि पावसाळा आला की काम बंद. सिंचनाच्या धरणाला एक आवर्तन चुकवता येते. शहराच्या नळाला ते जमत नाही.

महापूर. जुना सांडवा त्या काळच्या पावसाच्या तुटपुंज्या नोंदींवर बेतलेला असतो. आजच्या भारतीय मानकानुसार ६ कोटी घनमीटरपेक्षा जास्त साठा किंवा ३० मीटरपेक्षा जास्त पाण्याची उंची असलेल्या धरणाने तिथे येऊ शकणारा कमाल पूर सोसला पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असा पाऊस एखाद्या धरणाच्या पाणलोटावर पडला तर, हा प्रश्न तेव्हापासून पुस्तकी राहिलेला नाही.

खडकवासल्याचे १९६१चे फुटणे याच सदरात येते, पण वेगळ्या वाटेने. १२ जुलैच्या सकाळी वरच्या अंगाला बांधकाम सुरू असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याचे पाणी खडकवासल्याच्या माथ्यावरून वाहू लागले. ऐंशी वर्षांहून जुन्या भिंतीने ते काही तास सोसले आणि दुपारी ती फुटली (पुढे ती पुन्हा बांधली गेली). पुण्याचे नदीकाठचे भाग बुडाले आणि त्यासोबत शहराचा पाण्याचा साठाही गेला. त्या दिवशी जुन्या धरणाला नव्या धरणाने मारले, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. म्हणून साखळीतल्या खालच्या धरणाची तपासणी एकट्याची करून भागत नाही. वैतरणेवर मोडकसागरच्या (१९५७) वर आज मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणा अशी दोन धरणे आहेत. नवेपणाही हमी देत नाही. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण विशीतही आले नव्हते, ते २ जुलै २०१९च्या रात्री फुटले. तत्कालीन मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला होता.

कायदा आणि तपासणी. देशात मोठ्या धरणांची संख्या महाराष्ट्रात सर्वाधिक आहे. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे. तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, होते. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. त्याने ही तपासणी बंधनकारक केली, स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन करायला सांगितले आणि आपत्कालीन कृती आराखडा करण्यास पाच वर्षांची मुदत दिली. जबाबदारी मालकाची आहे. तानशाच्या बाबतीत मालक म्हणजे बृहन्मुंबई महानगरपालिका. धरण मात्र शंभरेक किलोमीटर दूर, दुसऱ्या जिल्ह्यात आहे, आणि पूर आला तर तो मुंबईत येणार नाही, तानसा नदीकाठच्या वज्रेश्वरी, गणेशपुरीकडे जाईल. आराखड्यातला भोंगा, संपर्कयादी आणि बुडिताचा नकाशा त्या गावांच्या ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचवण्याचे काम पालिकेला पालघर आणि ठाण्याच्या जिल्हा प्रशासनांसोबतच करावे लागते.