मणक्यातली ‘गॅप’ : उठण्या-बसण्याच्या सवयींमागची पार्श्वभूमी

पुण्यात कुणी ‘पाठ धरलीय’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘गॅप निघाली का?’ माझ्या लहानपणी हा शब्द घरात नव्हता. ‘पोक काढून बसू नकोस’ एवढंच ऐकू यायचं, तेही पाठीत हलकी थाप देऊन. पोक ही सवय होती आणि सवय मोडता येते, हे गृहीत होतं. गॅप हा आजार झाला. सवयी सुधारण्याबाबत आज जो गोंधळ दिसतो, त्याचं मूळ बरंचसं या शब्दबदलात आहे.

त्याआधीचं थोडक्यात. पेठांमधलं जगणं जमिनीलगतचं होतं. जेवायला पाट, चिरायला विळी, पेढीवर गादी आणि पुढ्यात उतरतं मेज. पाठी तेव्हाही दुखायच्या. पेढीवरचा कारकून दिवसभर वाकूनच लिहायचा. पण जमिनीवरून उठणं-बसणं दिवसातून अनेकदा, वेगळा व्यायाम न म्हणता, होऊन जायचं. पुढे शाळेत बाक आले, कवायत आली आणि ‘छाती पुढे, पोट आत’ हा हुकूम आला. ताठ म्हणजे चांगलं, ही समजूत तिथे पक्की झाली. वास्तविक कणा काठीसारखा सरळ नसतोच. मानेशी आत, छातीमागे बाहेर, कमरेशी पुन्हा आत, अशी त्याची वळणं असतात. ताठ राहायचं म्हणून कंबर ओढून धरली की थोड्याच वेळात स्नायू थकतात आणि माणूस परत पोक काढतो.

स्वयंपाकघरात ओटा आला तो साधारण पावणेतीन फुटांचा, सगळ्यांना एकच. उंच बाईने वाकायचं, ठेंगणीने खांदे उचलून पोळ्या लाटायच्या. पाठदुखीची गोष्ट नेहमी ऑफिसच्या खुर्चीपासून सांगितली जाते, ओट्यापासून कुणी सांगत नाही, हे मला खटकतं.

शरीराची ठेवण बारकाईने पाहणारी एक परंपराही याच शहरात वाढली. १९३७ मध्ये म्हैसूरकडून अठरा वर्षांचा एक योगशिक्षक, बी. के. एस. अय्यंगार, काही महिन्यांसाठी पुण्यात शिकवायला आला आणि इथलाच झाला. लाकडी विटा, पट्टे, लोड, भिंतीला टांगलेल्या दोऱ्या अशा साध्या साधनांच्या आधाराने, ज्याला जेवढं जमतं तिथून सुरुवात करून द्यायची, ही त्यांची पद्धत. १९७५ मध्ये मॉडेल कॉलनीत त्यांची संस्था उभी राहिली. दुखऱ्या पाठीलाही हलवायचं असतं, हे पुण्यातल्या कितीतरी घरांना तिथून कळलं.

नव्वदीच्या अखेरीस हिंजवडीत कंपन्या आल्या आणि चित्र पालटलं. आठ-नऊ तास पडद्यासमोर, त्यात जाण्यायेण्याचा वेळ, दुचाकीवर पाठीला लॅपटॉपची सॅक, वाटेत खड्डे आणि गतिरोधक. खुर्चीत गुडघे-कंबर काटकोनात ठेवून बसा, असा सल्ला सगळीकडे होता. त्यामागे साठ-सत्तरच्या दशकांतली स्वीडनमधली मोजमापं होती : मणक्यांमधल्या चकतीवरचा, म्हणजे गादीवरचा, दाब उभं राहण्यापेक्षा बसल्यावर सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. १९९९ मध्ये जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या चकतीत संवेदक बसवून पुन्हा मोजलं, तेव्हा आधार न घेता बसण्याचा दाब उभं राहण्याइतकाच, किंचित कमीच, निघाला. खुर्चीत सैलसर रेलल्यावर तर आणखी कमी. माणूस एकच होता, त्यामुळे यावरून नवा नियम करता येत नाही. पण जुना नियमही तेवढा पक्का उरत नाही.

आता त्या ‘गॅप’ शब्दाबद्दल. एक्स-रेत हाडं दिसतात. दोन मणक्यांमधली चकती, जिला आपण गादी म्हणतो, ती दिसत नाही. दिसते ती तिची जागा. ती जागा अरुंद झाली की रिपोर्टात ‘अंतर कमी झालं आहे’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य येतं. बोलताना त्याचं ‘गॅप आहे’ होतं आणि घरी पोचेपर्यंत ‘गॅप पडली’. अर्थ पार उलटा! अंतर कमी झालेलं असतं आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र मणके सुटे होऊन फट पडल्याचं चित्र उभं राहतं. ‘गादी सरकली’ याचंही तसंच. चकती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते, ती साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. तिची कड फुगते, कधी आतला गर बाहेर येतो. वयानुसार तिच्यातलं पाणी कमी होतं, तशी ती बसते. २०१५ मध्ये पाठदुखी नसलेल्या ३,११० जणांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या, आणि दुखत काहीच नव्हतं.

सदाशिव पेठेतल्या माझ्या मावशीला एका दवाखान्यात ‘गॅप आहे, वाकू नका’ एवढंच सांगितलं गेलं. ती फिल्म खाकी पाकिटात घालून कपाटावर ठेवली आणि मावशीने जमीन सोडली. रांगोळी बंद, मांडी बंद. कमरेचा पट्टा हळदीकुंकवालाही साडीवरून बांधलेला. दुखणं तसंच राहिलं, आणि दोन वर्षांत साध्या स्टुलावरूनही हात टेकल्याशिवाय तिला उठता येईना. चकतीला रक्तपुरवठा जेमतेम असतो, तिचं पोषण हालचालीवर चालतं. हालचालच थांबवणारा सल्ला म्हणूनच मला घातक वाटतो. पायात मुंग्या येऊन बळ कमी होणं, लघवीवरचा ताबा जाणं ही लक्षणं निराळी. त्यांत एक दिवसही घालवू नये.

२०२० च्या टाळेबंदीत ऑफिस घरात आलं. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकत्रच, त्यामुळे मान तरी वाकते नाहीतर हात तरी उचलावे लागतात. लोकांनी जुने दिवाळी अंक रचून पडदा डोळ्यांच्या पातळीला आणला आणि कळफलक वेगळा घेतला, हा उपाय खरोखर चांगला होता. अर्ध्या तासाने उठून पाणी आणायला जाणं त्याहून चांगलं. अलीकडचे फिजिओथेरपिस्ट रुग्णाशी बोलताना ‘गॅप’ हा शब्द टाळू लागलेत. ‘कसं बसता’ याच्या आधी ‘किती वेळ न हलता बसता’ हे विचारतात.

मावशीला अशाच एका फिजिओथेरपिस्ट मुलीने खुर्चीत दोन उशा ठेवून, हात न टेकता दहा वेळा उठ-बस करायला लावली. महिन्याने एक उशी काढली, मग दुसरी. गेल्या गौरींना मावशी पाटावर बसून जेवली. उठताना तिने सुनेचा हात धरला, पट्टा मात्र कपाटातच होता.